ओढ (बैलाची)

जू मानेवर घेऊन औत किंवा गाडी पुढे नेताना बैल लावतो तो जोर. सटाण्याच्या आरम नदीकाठच्या सपाट शेतात ओढ वेगळी आणि साल्हेर किल्ल्याकडच्या चढणीला वेगळी. नाशिक, अहिल्यानगर व डांग भागातला डांगी बैल काळ्या, कठीण खुरांमुळे आणि तेलकट कातडीमुळे पावसाळी डोंगरात टिकतो.

उभ्या बैलाचा अर्ध्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो. माणसाच्या खांद्यात असते तसे गळ्याचे हाड बैलाला नाही. त्याचे धड पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. पुढे रेटण्याचा जोर मात्र मुख्यतः मागच्या पायांचा. तो कण्यातून मानेकडे येतो आणि वशिंडापुढे टेकलेल्या जुवावर उतरतो. शिवळा (जुवाच्या खुंट्या) मान जागेवर ठेवतात, ओढ त्यांच्यावर नसते. ओझे जड झाले की बैल मान खाली घालून अंग पुढे झोकतो.

दिवसभर काम करायचे तर बैलाने आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढीच ओढ द्यावी, असे मानतात. 400 किलोचा बैल 40 किलोच्या ओढीने ताशी अडीच किलोमीटर चालला, तर त्याची शक्ती अश्वशक्तीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त भरते. रुतलेले चाक हलवताना तो क्षणभर याच्या कितीतरी पट जोर लावतो. त्या जोरावरून दिवसभराचा हिशेब धरणे क्रूरपणा आहे.

चिखलात खुराची दोन बोटे फाकतात, पाय उचलताना मिटतात, म्हणून पाय सुटतो. बोटे वेगवेगळी हलतात, त्यामुळे घोड्यासारखा एकसंध नाल इथे चालत नाही; दोन्ही बोटांना स्वतंत्र पत्री ठोकावी लागते.

एवढा सगळा जोर मानेवरच्या लहानशा जागेतून जातो. जू खडबडीत किंवा अरुंद असेल तर तिथली कातडी घासते, खांदा सुजतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने होणारी खांदेमळणी नेमकी याच जागेची. जुवाची कड गोल, टेकण्याची जागा रुंद केली तर तोच जोर जास्त कातडीवर वाटला जातो. जोडी विजोड असेल तर जू औताला जोडणारा दोर जुवाच्या मधोमध न बांधता दणकट बैलाकडे सरकवतात. तरफेच्या नियमाने जवळच्या बैलावर भार वाढतो आणि दुबळ्या बैलाला तेवढा हलका होतो.