एक अक्षर, तीन उच्चार

खामगावची माझी भाची गेल्या वर्षापासून ऑनलाइन जपानी शिकते आहे. हिरागाना आणि काताकाना ही दोन्ही अक्षरमाला तिने महिनाभरात उरकल्या. कांजीपाशी मात्र गाडी अडली. फोनवर मला म्हणाली, "मामा, एकच अक्षर, अन् कुठं एक वाचायचं, कुठं दुसरंच! असं काहून?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधता शोधता मी पार दीड हजार वर्षं मागे गेलो. तेच इथे लिहून ठेवतोय.

जपानी भाषा आधीपासून होती, लिपी नव्हती. पाचव्या-सहाव्या शतकात कोरियामार्गे चिनी ग्रंथ आले, भिक्षू आले आणि त्यांच्याबरोबर चिनी अक्षरं आली. चिनी आणि जपानी या दोन भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही. जपान्यांनी अक्षर घेतलं, त्याचा चिनी उच्चार आपल्या जिभेला जमेल तसा घेतला, आणि त्याच अर्थाचा आपला घरचा शब्दही त्याच अक्षराला चिकटवला. चिनी वळणाचा उच्चार तो 'ओन', घरचा तो 'कुन'. पाण्याचं अक्षर एकटं असलं की 'मिझु', जोडशब्दात गेलं की 'सुइ'. आपण नाही का, एरवी 'पाणी' म्हणतो आणि जोडशब्दात 'जलसिंचन'? फरक इतकाच, की आपण दोन्ही शब्द वेगवेगळे लिहितो. ते एकाच चित्रात लिहितात.

बरं, चिनी उच्चार तरी एक असावा! तोही नाही. आधी आले ते दक्षिण चीनच्या वळणाचे उच्चार. पुढे सातव्या ते नवव्या शतकात जपानी वकील आणि भिक्षू थांग राजवटीच्या राजधानीत गेले आणि तिथले नवे उच्चार घेऊन आले. जुने काही गेले नाहीत. म्हणून 'माणूस' हे दोन रेघांचं अक्षर एकटं असताना 'हितो', 'निंगेन' (मानव) मध्ये 'निन' आणि 'इंदोजिन' (भारतीय) मध्ये 'जिन'. फुजी पर्वताला ते 'फुजीसान' म्हणतात. त्यातला 'सान' हा आपल्या 'राव'सारखा आदराचा नव्हे, तर 'यामा' म्हणजे डोंगर, या अक्षराचा ओन उच्चार आहे. रविवार म्हणजे 'निचियोबी'. त्यात पहिलं आणि शेवटचं अक्षर एकच आहे, सूर्याचं. एकदा 'निचि', एकदा 'बी'!

भाचीला हे सगळं अजब वाटलं. मी तिला म्हटलं, तू हे पहिलीपासून करते आहेस. २ हा आकडा घे. एकटा असला की 'दोन'. पाढ्यात 'बे एके बे'. 'इयत्ता २ री' लिहिलं की तू मुकाट 'दुसरी' वाचतेस. तो 'री' बघूनच तुला कळतं की इथे 'दोन' नाही म्हणायचं. जपानीतही कांजीच्या मागे अशीच हिरागानाची शेपटी असते, आणि तिच्यावरून कुन उच्चार ओळखू येतो. म्हणजे उच्चार अक्षरात नसतो, शेजारपाजारात असतो. सुटं अक्षर घोकण्यापेक्षा शब्द पाठ करावा, तो याच कारणाने.

आता गंमत बघा. हिरागानाचा क्रम आहे अ, इ, उ, ए, ओ; मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? 'च'च्या जागी 'स' आहे आणि 'प'च्या जागी 'ह', कारण त्यांचा 'ह' फार पूर्वी 'प' होता. ही आपली वर्णमालाच! बौद्ध मंत्रांसाठी जपानी भिक्षू सिद्धम् लिपी शिकत. इ.स. ८०६ मध्ये चीनहून परतलेल्या कूकाईने संस्कृत मंत्रांच्या पोथ्या सोबत आणल्या होत्या. त्या अभ्यासातून हा क्रम घडला. त्याच्याही आधी, ७३६ मध्ये, बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानला पोचला होता. ७५२ मध्ये नारा इथल्या महाबुद्धाचे नेत्र उघडण्याचा मान त्यालाच मिळाला. आमच्या बुलढाण्याहून अजिंठा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हे वाचताना मला जपान काही फार लांबचा वाटला नाही.

कांजी टाकून द्या, असंही जपानात अनेकदा म्हटलं गेलं. १८६६ मध्ये माएजिमा हिसोका यांनी तसा अर्जच शोगूनला दिला होता. महायुद्धानंतर रोमन लिपी आणायची चर्चा झाली. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. १९४६ मध्ये रोजच्या वापरासाठी १८५० अक्षरांची यादी केली. २०१० पासून ती २१३६ अक्षरांची आहे. अवघड आहे म्हणून सोडलं नाही, शिकवता येईल इतकं आटोक्यात आणलं.

इथे मला आपली मोडी आठवते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही. 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात. शब्द तोडून लिहायची पद्धत नाही. तिथेही वाचणारा मागचं-पुढचं बघूनच उच्चार ठरवतो. आमच्या पणजोबांच्या पिढीला हे सहज जमायचं. छपाईला बाळबोध सोयीची पडली, विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतूनही गेली, आणि दोन पिढ्यांत वाचणारे संपत आले. आमच्या घरच्या पेटीत शेताचे जुने कागद आहेत. शाई शाबूत आहे, कागद शाबूत आहे, अक्षर तर मोत्यासारखं. घरात एकालाही वाचता येत नाहीत.

लिपी कागदावर टिकते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती टिकते वाचणाऱ्याच्या तोंडात, एकाने दुसऱ्याला 'हे असं वाचायचं' म्हणून सांगितलं तरच. भाची जपानी शिकते आहे याचा आनंद आहेच. नातेवाईक मंडळींपैकी कुणाला मोडी येत असेल, किंवा कुणी शिकायला तयार असेल, तर कळवा. पेटी उघडून ठेवतो.