कोलशेतचा नकाशा आणि माझी एक रेघ

गेल्या शनिवारी कोलशेतच्या गावठाणात मित्राकडे गेलो होतो. पोहे संपवत होतो, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अरे, मागच्या पावसाळ्यात शेजारच्या आजींना न्यायला अँब्युलन्स आली ती मागच्या बोळात अडकली. ड्रायव्हर म्हणे, नकाशात रस्ता दाखवतोय!" शेवटी पोरांनी आजींना खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. आजी आता ठणठणीत आहेत. माझा घास मात्र घशातच अडकला. कारण २००९ साली एका ऑनलाइन नकाशावर त्या बोळाची 'रस्ता' म्हणून रेघ मीच ओढली होती.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून आज हा थोडा इतिहास.

नकाशे काढणं हे आपल्याकडे सरकारी काम. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासून आहे. आपण फक्त नकाशा विकत घ्यायचा. २००४ साली स्टीव्ह कोस्टने इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला आणि चित्र पालटलं. २००६ ला विकिमॅपिया, २००८ ला गूगल मॅप मेकर. उपग्रहाच्या फोटोवर रेघ ओढा, नाव टाका, झालं! हा लोकांनी दिलेल्या माहितीचा पहिला प्रकार : रेघा आणि नावं. आम्ही मित्र हापिसातून आल्यावर रात्री जागून हेच करायचो. सँडोज कंपनी १९९६ मध्ये विलीन होऊन नोव्हार्टिस झाली, पण कोलशेत रोडच्या रिक्षावाल्याला 'सँडोज बाग'च सांगायचं. अशी तोंडी नावं नकाशावर चढवताना काय भारी वाटायचं!

सरकारला अर्थातच ते तितकं भारी वाटलं नाही. २०१३ मध्ये गूगलने भारतात 'मॅपेथॉन' स्पर्धा घेतली, तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसांत तक्रार केली. नियम सैल व्हायला २०२१ उजाडलं. मॅप मेकर त्याआधीच, २०१७ मध्ये, बंद झालं होतं.

दुसरा प्रकार मतांचा : तारे, फोटो, "मिसळ झकास, पार्किंग नाही" वगैरे. तिसरा हजेरीचा. २००९ मध्ये फोरस्क्वेअर आलं आणि लोक "मी इथे आहे" असं आपणहून जगाला सांगू लागले. चहाच्या टपरीचे 'मेयर' होण्यासाठी मारामाऱ्या! :-)

चौथा प्रकार सगळ्यात मोठा, आणि तो आपण देतो हे आपल्याला आठवतही नाही. खिशातला फोन गुपचूप सांगत असतो, हा माणूस इतक्या वेगाने इकडून तिकडे गेला. घोडबंदर रोडवरची ती लाल रेघ म्हणजे आपणच, ट्रॅफिकमध्ये अडकलेले. भारतातल्या मोठ्या शहरांत ही सोय २०१२ मध्ये आली.

आता तुम्ही म्हणाल, इतके फोन फिरताहेत, मग तुझी चूक मशीनने का नाही पकडली? मलाही आधी तेच वाटलं. पण त्या बोळातून दिवसभर बाइक जातात. प्रत्येक बाइकवाल्याच्या खिशात फोन. म्हणजे ते ठिपके माझी चूक खोडत नव्हते, उलट तिला दुजोरा देत होते! तिथून कोणीतरी गेलं, एवढं ठिपक्यांना कळतं. अँब्युलन्स जाईल का, हे तिथे राहणाऱ्या काकूंना कळतं. आणि त्यांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मी तर २००९ मध्ये त्या बोळात पाऊलही टाकलं नव्हतं, वरून फोटोत रुंद दिसला म्हणून ओढली रेघ.

चहा झाल्यावर मित्र आणि मी टेप घेऊन बाहेर पडलो. सगळ्यात अरुंद जागी बोळ साडेचार फूट भरला. दोन-तीन नकाशांवर दुरुस्ती पाठवली आहे. ती जुनी रेघ आणखी कुठे-कुठे कॉपी झाली असेल, देव जाणे.

मंडळी, एक करा. या रविवारी तुमच्या घराकडे येणारी शेवटची शंभर मीटर नकाशात तपासा. तीसुद्धा बहुतेक माझ्यासारख्याच कोणीतरी रात्री जागून काढलेली असेल.