वासाबी लागवड: रोपे घेण्याआधी पाण्याचे तापमान मोजा

वासाबी हे मोहरी-कोबीच्या कुळातील बहुवर्षायू पीक असून ते मूळचे जपानमधील डोंगरी ओढ्यांच्या काठचे आहे. त्याचे जाड, हिरवट खोड किसून सुशीसारख्या पदार्थांबरोबर खातात. मोहरी फेसल्यावर नाकात जातो तसाच याचा झणका असतो. खोड किसले की पेशी फुटतात, त्यातील सिनिग्रिन या घटकावर विकराची क्रिया होते आणि तिखट, उडून जाणारे द्रव्य तयार होते. किसल्यावर १५ ते २० मिनिटांत हा झणका ओसरतो. म्हणूनच ताज्या खोडाला चांगला भाव मिळतो.

हा भाव ऐकून तुम्ही लागवडीचा विचार करत असाल, तर एक गोष्ट आधी तपासा. वासाबीसाठी नुसते थंड हवेचे ठिकाण पुरत नाही. बारमाही थंड पाणी लागते.

हवामान आणि पाणी

- हवेचे तापमान ८ ते २० अंश सेल्सिअस. २५ अंशांच्या वर वाढ मंदावते आणि कूज वाढते.
- वाहत्या पाण्याचे तापमान वर्षभर १० ते १५ अंश. १२-१३ अंश उत्तम.
- पाणी स्वच्छ, गाळविरहित आणि सतत वाहते हवे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि मुळांना तोच लागतो.
- कडक ऊन चालत नाही. उन्हाळ्यात दाट सावली द्यावी लागते.

जपानमधील पद्धती

शिझुओका प्रांतातील इझु भागात डोंगरउतारावर पायऱ्यांचे वाफे बांधतात. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड आणि सर्वांत वर वाळू असा थर असतो. झऱ्याचे पाणी वरून वाहते आणि थरांतून झिरपतेही. त्यामुळे मुळांना प्राणवायू मिळतो व गाळ अडतो. शिझुओकाच्या या पारंपरिक पद्धतीला २०१८ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता मिळाली. नागानो प्रांतातील अझुमिनो येथे सपाट जागेवर खडी-वाळूचे वाफे असून गरम महिन्यांत त्यांवर काळ्या जाळीची सावली करतात.

दुसरी पद्धत सावलीतील जमिनीवरची आहे. त्यासाठी भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध, उत्तम निचऱ्याची व सामू ६ ते ७ असलेली जमीन लागते. यात खोड लहान राहते. पाने, देठ व खोड मुख्यतः प्रक्रियेसाठी जातात.

लागवड ते काढणी

बियाणे सुकले की उगवण घटते, म्हणून फुटवे किंवा उतीसंवर्धित रोपे वापरतात. दोन रोपांत साधारण २५ ते ३० सेंमी अंतर ठेवतात. पाण्यातील पीक काढणीला यायला साधारण १८ महिने ते २ वर्षे लागतात. खोडाची मऊ कूज व काळी कूज, पांढरा तांबेरा, मावा, कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या आणि गोगलगायी यांवर लक्ष ठेवावे लागते. वाहत्या पाण्यातील पिकावर फवारलेले औषध थेट ओढ्यात जाते. त्यामुळे निरोगी रोपे आणि स्वच्छता यांवरच भर द्यावा.

महाराष्ट्रात जमेल का?

झऱ्याच्या किंवा भूजलाच्या पाण्याचे तापमान साधारणपणे त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाइतके असते. महाबळेश्वरची ही सरासरी २० अंशांच्या आसपास आहे. दर १,००० मीटर उंचीला तापमान सुमारे ६ अंशांनी उतरते, पण आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे. त्यामुळे १३ अंशांचा बारमाही झरा सह्याद्रीत मिळण्याची आशा धरू नका. असे पाणी शोधायचे तर हिमालयात सुमारे २,००० मीटरच्या वर जावे लागेल.

हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीत रोपे छान वाढतील, पण पिकाला दोन उन्हाळे किंवा किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढायचा असतो. मार्च ते मेमधील उष्णता आणि नंतरचा मुसळधार पाऊस हे दोन्ही कुजीला पोषक आहेत. फॅन-पॅड पॉलिहाऊस कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडते; पावसाळ्यात हवा दमट असल्याने त्याचा गारवा मिळत नाही.

चिलरचा हिशेबही करून पाहा. सेकंदाला फक्त १ लिटर वाहते पाणी ५ अंशांनी थंड करायला सुमारे २१ किलोवॅट उष्णता काढावी लागते. त्यासाठी साधारण ७ किलोवॅट वीज दिवसरात्र लागली, तर रोजची सुमारे १७० युनिट होते. तेच पाणी पुन्हा फिरवले तर वीज वाचेल, पण एका वाफ्यातील कुजीचे जंतू सगळ्या वाफ्यांत पोहोचतील.

पैसे गुंतवण्याआधी

१. एप्रिल-मे महिन्यांत रोज दुपारी झऱ्याच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून नोंद करा. त्याच काळात पाणी किती वाहते हेही मोजा. पाणी १६-१७ अंशांच्या वर जात असेल, तर तिथेच थांबा.
२. ग्राहक आधी शोधा. ट्यूबमध्ये मिळणारी बरीचशी 'वासाबी' ही हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचे मिश्रण असते. बहुतेक हॉटेलांचे काम त्यावर भागते. ताजे खोड कोण, किती आणि कोणत्या भावाने घेणार हे लेखी घ्या.
३. रोपे परदेशातून येणार असतील, तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. कागद दाखवत नाही अशा विक्रेत्याकडून रोपे घेऊ नका.
४. 'रोपे आम्ही देतो, माल आम्हीच घेतो' असे सांगणाऱ्याला एकच विचारा: तुमची दोन वर्षांची झाडे कुठे उभी आहेत? ती मे महिन्यात जाऊन पाहा.

विस्तार कार्यकर्त्यांनीही शेतकऱ्याला रोपांच्या खर्चाआधी पाण्याच्या नोंदी मागाव्यात. नोंदी अनुकूल असतील, तर २०-२५ रोपांवर पूर्ण एक वर्ष प्रयोग करावा. त्यातील रोपे उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पार करून टिकली, तरच लागवड वाढवावी.