नकाशावर नसलेला देश आणि आपलं भाड्याचं दालन

व्हेनिसच्या जार्दिनी बागेत एका इमारतीवर आजही 'युगोस्लाव्हिया' अशी ठसठशीत अक्षरं आहेत. देश फुटून तीस वर्षं उलटून गेली, आत प्रदर्शन सर्बिया भरवतो, पण पाटी तीच. मला व्हेनिस बिएनालेचा सगळा इतिहास त्या पाटीत दिसतो.

हे प्रदर्शन सुरू झालं १८९५ साली. कल्पना सोपी होती, जगभरची नवी कला एका ठिकाणी आणायची आणि शहरात पाहुणे आणायचे. पण सगळी चित्रं एकाच मोठ्या इमारतीत मावेनात. मग देशांना सांगितलं गेलं की बागेत तुमचं तुम्ही बांधा. १९०७ मध्ये बेल्जियमने पहिलं दालन बांधलं, १९०९ मध्ये ब्रिटन, हंगेरी, जर्मनी आले, १९१२ मध्ये फ्रान्स. ज्यांच्याकडे तेव्हा सत्ता आणि पैसा होता, त्यांना मोक्याच्या जागा मिळाल्या. म्हणजे कलेचा सातबारा तयार झाला तो साम्राज्यांच्या काळात, आणि फेरफार फारसे झालेच नाहीत. १९९५ मध्ये दक्षिण कोरियाला जागा मिळाली, तोवर बाग जवळपास भरली होती. (गंमत म्हणजे अमेरिकेचं १९३० चं दालन सरकारने नाही, न्यूयॉर्कच्या एका खासगी गॅलरीने बांधलं. पुढे ते संग्रहालयांच्या हाती गेलं.)

जर्मनीच्या दालनाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९३४ मध्ये हिटलर मुसोलिनीला भेटायला व्हेनिसला आला, तेव्हा तो बिएनालेतही फिरला. १९३८ मध्ये नाझी राजवटीने ते दालन आपल्या पद्धतीने बदललं : उंच चौकोनी खांब, आणि दारावर गरुड आणि स्वस्तिक. युद्धानंतर चिन्ह गेलं, इमारत राहिली. १९९३ मध्ये हान्स हाकं या कलाकाराला तिथे बोलावलं. त्याने काय केलं, तर दारातच हिटलरच्या त्या भेटीचा फोटो लावला, जिथे गरुड होता तिथे जर्मन मार्कचं मोठं नाणं बसवलं आणि आतली फरशी उखडून टाकली. प्रेक्षकांनी त्या फुटक्या लाद्यांवरून तोल सांभाळत चालायचं, पायाखाली कडकड आवाज. बस्स, एवढंच. त्या वर्षीचा गोल्डन लायन जर्मनीच्या दालनाला, म्हणजे हाकं आणि कोरियात जन्मलेला नाम जून पाइक या दोघांना मिळून मिळाला. सरकारी पैशाने उभ्या राहिलेल्या दालनात सरकारच्याच इतिहासाची फरशी फोडायची आणि त्याच देशाने ते मिरवायचं! आपल्याकडे असं होईल का, हा प्रश्न मी इथेच सोडतो.

२००३ मध्ये सांतियागो सिएरा याने स्पेनच्या दालनाचं दार विटांनी बुजवलं. आत जायचं तर मागच्या दाराने, आणि तेही फक्त स्पेनचं ओळखपत्र असेल तरच. राष्ट्रीय दालन म्हणजे नेमकं काय, हे याहून कमी शब्दांत कुणी सांगितलेलं मला तरी माहीत नाही.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला होताच रशियाच्या दालनातल्या कलाकारांनी आणि क्युरेटरने स्वतःहून माघार घेतली. दालन बंद राहिलं. २०२४ मध्ये रशियाने ते बोलिव्हियाला वापरायला दिलं.

आता आपलं. भारताला बागेत दालन नाही. ज्यांना नाही, ते आर्सेनाले या जुन्या गोदी-शस्त्रागारात किंवा शहरातल्या वाड्यांत जागा भाड्याने घेतात. १८९५ पासून ११६ वर्षांनी, २०११ मध्ये, ललित कला अकादमीने भारताचं पहिलं अधिकृत राष्ट्रीय दालन उभं केलं. क्युरेटर होते मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे. त्यानंतरचं दालन थेट २०१९ मध्ये, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने. त्यात नंदलाल बोस यांच्या हरिपुरा चित्रांबरोबर आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अतुल दोडिया आणि जितिश कल्लाट होते, मुंबईच्या शकुंतला कुलकर्णीही होत्या. कल्लाटने १९३९ मध्ये गांधीजींनी हिटलरला लिहिलेलं पत्र धुक्याच्या पडद्यावर दाखवलं, आणि लोक त्या अक्षरांतून आरपार चालत जात. युद्ध थांबवा असं सांगणारं ते पत्र हिटलरपर्यंत पोचलंच नव्हतं.

२०२२ आणि २०२४ मध्ये भारताचं दालन पुन्हा नव्हतं. भाषणांत सॉफ्ट पॉवर असते, पण दर दोन वर्षांनी येणाऱ्या प्रदर्शनाची तारीख काही कुणी लपवून ठेवत नाही. दोडिया, कल्लाट यांची चित्रं जगभर खपतात, त्यांना पाटीची गरज नाही, हेही खरं. गरज कुणाला आहे? उद्या जे. जे. मधून बाहेर पडणाऱ्या, गॅलरी पाठीशी नसलेल्या पोरापोरींना.