बोरूपासून ब्रशपर्यंत

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाची मोकळीक दिली, म्हणून ज्या वस्तूंच्या जोरावर मी आयुष्यभर पोट भरले त्यांच्यावरच लिहितो आहे. बोरू, टाक, पेन्सिल आणि ब्रश. आपल्यापैकी बहुतेकांनी यातले काही ना काही शाळेतच पहिल्यांदा हातात धरले. सहावीत चित्रकलेच्या सरांनी बोरू कापायला शिकवला तेव्हा मुलांच्या बाकांवर किती बोटे कापली गेली आणि किती सदरे शाईने भरले, हे मुलींना नक्की आठवत असेल. त्यांचे बोरू नीट कापलेले असायचे. या वस्तूंमागचा इतिहास मात्र तेव्हा कोणी सांगितला नाही. चाळीस मिनिटांच्या तासात तो बसणाराही नव्हता.

ओढ्याकाठी, पाणथळ जागी वाढणाऱ्या बरू नावाच्या पोकळ गवताची काडी म्हणजे बोरू. काडी वाळवायची, टोकाकडे तिरकी तासायची, आतला भुसभुशीत गर खरवडून काढायचा, मध्ये शाई उतरण्यासाठी बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक कठीण पाटावर ठेवून एका घावात तिरके तोडायचे. या शेवटच्या घावावर सगळे अवलंबून असते. टोक रुंद आणि तिरके असल्यामुळे हात एका दिशेने गेला की रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेने गेला की बारीक. हात दाबावा लागत नाही. जाडी-बारकाई हत्यारातच भरलेली असते.

आता आपले कोणतेही जुने छापील पुस्तक काढून बघा. उभा दंड आणि शिरोरेषा जवळपास सारख्याच जाडीच्या दिसतील, आणि तिरप्या रेघांपैकी एका बाजूची जाड, दुसऱ्या बाजूची बारीक. साधारण पंचेचाळीस अंशांत कापलेल्या बोरूचा हा हिशेब आहे. रोमन लिपीत उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते, कारण तिथे टोकाचा कोन वेगळा. शिवाय देवनागरीसाठी केलेला काप रोमनच्या उलट दिशेला झुकलेला असतो. म्हणून इंग्रजी सुलेखनासाठी मिळणारी परदेशी निब आणून कोणी मराठी लिहिले की अक्षर आरशात पाहिल्यासारखे वाटते. चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही, पण खटकते. ‘सरळ निब घेऊ नका, डावीकडे कापलेली घ्या’ असे सर का ओरडायचे, ते मला जे. जे.मध्ये गेल्यावर कळले.

मराठीत या सगळ्यावर पहिल्यांदा नीट, कामाचे असे लिहून ठेवले ते समर्थ रामदासांनी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे हवे, ओळी सारख्या हव्यात, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत वळण एकच राहावे, जणू एकाच टाकाने सगळे लिहिले, असे ते सांगतात. कागद, बोरू, चाकू, शाई ही सामग्री कशी जमवावी तेही येते. मला सर्वांत आवडतो तो एक अगदी व्यवहारी सल्ला. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे. आपल्या तुकडीतल्या निम्म्या लोकांनी ही स्मरणिका हातभर लांब धरून वाचायला घेतली असेल, त्यांनी हा समास जरूर काढावा.

रामदासांचे सांगणे बाळबोध अक्षराबद्दल, म्हणजे ग्रंथ लिहिण्याबद्दल आहे. कचेरीतले मराठी वेगळ्या चालीने चालत होते. मोडी लिपी परंपरेने यादवांच्या दरबारातल्या हेमाद्री पंडिताच्या नावावर सांगितली जाते. आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे खाली लोंबत न्यायची. कारकुनाला दिवसाकाठी कितीतरी पत्रे आणि हिशेब उतरवायचे असत. बाळबोधीत प्रत्येक अक्षराला बोरू दोन-तीनदा उचलावा लागतो, तेवढा वेळ कोणाकडे होता? त्या घाईतूनही वळणे घडली. चिटणीसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी त्यांची नावे आजही जाणकार घेतात. शाई काजळी आणि डिंकाची, कागद जुन्नरी किंवा दौलताबादी. ओली शाई टिपायला वर बारीक वाळू भुरभुरवत. जुने दप्तर उलगडताना अजूनही बोटांना तिचे कण लागतात.

मोडी मागे पडली त्यात छापखान्याचा वाटा मोठा आहे. इथे गणपत कृष्णाजींचे नाव घेतलेच पाहिजे. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून त्यांनी स्वतःच्या हिकमतीने शिळाप्रेस उभा केला, शाई तयार केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. शिळाप्रेसवर दगडावर उमटते ते हाताने लिहिलेले अक्षरच, त्यामुळे बोरूचे वळण जसेच्या तसे छापले गेले. पुढे शिशाचे टाइप आले, तेव्हा जावजी दादाजींच्या निर्णयसागरने ते वळण धातूत उतरवले. पोलादी ठोकळ्यावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकायचा आणि त्या साच्यात शिसे ओतायचे. त्यांच्याकडचे राणोजी रावजी आरू हे कोरक्यांमधले मोठे नाव. पोथीतले बोरूचे अक्षर डोळ्यासमोर ठेवून त्यांनी पोलाद कोरले. आपल्या बालभारतीच्या पानांवर जे अक्षर बघून आपण वाचायला शिकलो, त्याचे घराणे हेच.

दरम्यान बर्मिंगहॅमहून पोलादी निब येऊन पोचली होती. १८२० नंतर तिथे यंत्रावर निबा दाबून काढायला लागले आणि जगभरच्या कचेऱ्यांत त्या पसरल्या. लाकडी दांडीला निब लावली की झाला टाक. त्याला तासायची कटकट नाही, पण त्याचे गणितच निराळे. टोक अणकुचीदार आणि लवचिक, म्हणून खाली येताना दाबले की रेघ जाड, वर जाताना हात हलका की बारीक. इंग्रजांच्या काळातल्या मोडी कागदांवर हा फरक नवख्यालाही दिसतो. अक्षर उजवीकडे कलते, रेघ केसासारखी होते, आणि पेशवाईतला तो ठसठशीतपणा जातो. सुंदर तेही आहे, पण माझे मत विचाराल तर टाकाने मराठी अक्षराला इंग्रजी कोट चढवला.

पेन्सिलीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून, भाजून, हवी तेवढी कठीण किंवा मऊ कांडी करण्याची युक्ती १७९५ मध्ये फ्रान्समध्ये कॉन्तेने काढली. एचबी, टू-बी, फोर-बी हे सगळे त्या मिश्रणाचे खेळ. आपल्या कंपासपेटीतली नटराज किंवा अप्सरा ज्यांनी बनवली ती हिंदुस्थान पेन्सिल्स १९५८ मध्ये मुंबईत सुरू झाली. त्याआधी १९३१ मध्ये दि. प. दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी घोडाछाप शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली होती. त्याच घरातून पुढे कॅमल शाई, कंपासपेटी आणि रंग आले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या पिढ्यांच्या पिढ्यांचे हात कॅमलच्या रंगांनीच भरले.

त्या परीक्षांत भूमितीबरोबर अक्षरलेखन असायचे. आपण त्याला ‘ब्लॉक लेटर’ म्हणायचो. चौकटी आखायच्या, प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी द्यायची, रुलिंग पेनने कडा काळ्या करायच्या आणि आत पोस्टर कलर भरायचा. मला ही पद्धत तेव्हाही पटत नसे. चौकटीत कोंबलेला ‘ज्ञ’ आणि मोकळा सुटलेला ‘र’ यांना सारखी जागा कशी देणार? सरांनाही ती पटत नसावी, कारण परीक्षा संपली की ते आम्हाला दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधायला लावत. दोन टोकांमधले अंतर म्हणजे बोरूची रुंदी. त्यांनी लिहिले की अक्षराच्या दोन्ही कडा एकदमच मिळतात आणि कुठे जाड, कुठे बारीक हे स्वच्छ दिसते. आजही विद्यार्थ्यांना मी पहिला धडा तोच देतो. महाग सामान लागत नाही. आइस्क्रीमची काडी तिरकी कापून शाईत बुडवली तरी चालते.

बॉलपेनवर आपल्या शाळेत बंदी होती, तिची आपण टिंगल करायचो. पण कारण खरे होते. लाझ्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ मध्ये ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्याच्या टोकाला गोळी असते आणि गोळी कोणत्याही दिशेला सारखीच फिरते. मग जाड-बारीक उरतेच कुठे? लिहिणे स्वस्त झाले, झरझर झाले, खिशात शाई गळेनाशी झाली, हे सगळे मान्य. मीही हिशेब बॉलपेनानेच लिहितो. पण ज्या फरकावर देवनागरीचे रूप उभे होते तो फरक त्या गोळीने पुसून टाकला.

तो टिकला ब्रशमध्ये. दुकानांच्या पाट्या, एसटीवरची गावांची नावे, निवडणुकीच्या भिंती रंगवणाऱ्या पेंटरांचा चपटा ब्रश बोरूच्याच कोनात धरला जात होता. हाताखाली आधाराची काठी, खडूच्या दोरीने मारलेली ओळ, डब्यात ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन. वरच्या अंगाला कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतून आणि मासिकांतून अक्षराला अभिनय करायला शिकवले. र. कृ. जोशी यांनी जाहिरात क्षेत्रापासून आयआयटीपर्यंत लिपीचा अभ्यास नेला आणि संगणकावरचा ‘मंगल’ हा फाँट घडवला. अच्युत पालव यांनी मोडीवर काम करून ती पुन्हा लोकांच्या डोळ्यांसमोर आणली, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पेंटरांना मात्र फ्लेक्सने दहा वर्षांत घरी बसवले.

हे सगळे लिहायचे खरे कारण आता सांगतो. आपल्या सभागृहात रंगमंचाच्या डाव्या हाताला शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्यांचे लाकडी फलक आहेत. ते काढून त्या जागी ग्रॅनाइटवर संगणकाने कोरलेली नावे बसवावीत, असा प्रस्ताव आपल्या गटावर फिरतो आहे. हेतू चांगला आहे, देणगीही जमली आहे. पण एकदा शिडी लावून ते फलक जवळून बघा. वरच्या पंधरा-वीस ओळी एकाच हाताच्या आहेत आणि त्या हाताला बोरूची सवय होती. ‘श्री’च्या वळणावरून ते सहज कळते. त्याखाली दुसरा हात येतो, थोडा टाकाच्या वळणाचा. मग आपल्या काळातली चौकटीतली ब्लॉक अक्षरे. शेवटी कापलेल्या स्टिकरची अक्षरे, त्यातले तीन रफार गळून पडले आहेत आणि एका ‘वर्षा’ची ‘वषा’ झाली आहे. आपल्या अक्षरांचा इतका सलग इतिहास एका भिंतीवर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ग्रॅनाइट आले की तो भंगारात जाईल.

माझी सूचना एवढीच. लाकूड साफ करून घ्यावे, जुन्या ओळींना हात लावू नये, फक्त स्टिकरच्या ओळी काढून तिथे ब्रशने नावे लिहून घ्यावीत. लिहिणारा आपल्याच वर्गात आहे. दहावीनंतर वीस-बावीस वर्षे तालुक्यातल्या निम्म्या पाट्या त्याने रंगवल्या, मग फ्लेक्स आले आणि तो किराणा दुकानात बसू लागला. मी गेल्या महिन्यात त्याला विचारले. त्याने माळ्यावरून ब्रशांचा डबा काढला, रॉकेलमध्ये भिजवून ठेवला आणि म्हणाला, बारीक रेघेला हात थरथरतो, पण काठी असली तर जमेल. पैसे मात्र घेणार, फुकट काम करायचे तर पोरासोरांना सांग. रंगाचा एक थर वाळायला दोन दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त, म्हणून दिवाळीची सुट्टी धरावी असे त्याचे म्हणणे आहे. मुख्याध्यापकांची हरकत नाही. समितीने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.