विद्वत्पत्रिकांची मालकी

६ मार्च १६६५ रोजी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’चा पहिला अंक निघाला. रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी तो पदरमोड करून काढला होता. नफा झाल्यास तोही त्यांचाच. अपेक्षेइतका तो कधी झाला नाही. १७५२ मध्ये सोसायटीने हा भार स्वतःकडे घेतला, आणि विद्वत्संस्थेने तोटा सोसून ज्ञानप्रसार करावा ही रीत दीर्घकाळ टिकली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ती मोडली. येथे लेखक मानधन मागत नाही, परीक्षक विनामूल्य वाचतो आणि ग्रंथालयाला एका पत्रिकेऐवजी दुसरी घेऊन भागत नाही, हे रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या पर्गमॉन प्रेसने नेमके हेरले. असा व्यापार अन्यत्र क्वचितच आढळेल! १९९१ मध्ये पर्गमॉन एल्सव्हिअरकडे गेली. त्याच वर्षी लॉस अलामॉस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकीतील मुद्रणपूर्व निबंधांचे मुक्त भांडार उघडले. पुढे ते ‘आर्काइव्ह’ म्हणून प्रसिद्धी पावले. पत्रिका मात्र संपल्या नाहीत, कारण प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या पत्रिकेच्या नावावरच ठरत राहिल्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांत सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० पत्रिका वाचता याव्यात, अशी ती तरतूद आहे. आडगावच्या महाविद्यालयाला हा लाभ लहान नव्हे; पण वर्गणीची मुदत २०२७ पर्यंतच आहे आणि लेखांची मालकी बहुतांशी प्रकाशकांकडेच आहे.