शालोम मनोरा : एका शाळेच्या जागेवर उभी राहिलेली इमारत

तेल अवीवच्या हर्झल रस्त्याच्या उत्तर टोकाला उभा असलेला ‘मिग्दाल शालोम’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. ‘शालोम’ म्हणजे शांती, म्हणून हे नाव शांतीवरून पडले असावे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः हा मनोरा बांधणाऱ्या मेईर बंधूंनी त्याला आपल्या वडिलांचे, शालोम मेईर यांचे, नाव दिले आहे.

मनोऱ्याची कथा मात्र त्याच्याही आधी सुरू होते. 1909 साली याफोबाहेरच्या वाळूत साठ-सासष्ट कुटुंबांनी शिंपल्यांच्या सोडतीने जमिनीचे तुकडे वाटून घेतले व अहुझत बाईत ही वस्ती वसवली. तेच पुढे तेल अवीव झाले. त्याच वर्षी वस्तीच्या मुख्य रस्त्याच्या टोकाला हर्झलिया गिमनासिया या शाळेच्या इमारतीची पायाभरणी झाली. सर्व विषय हिब्रूतून शिकवणारी ही पहिली माध्यमिक शाळा. तिचे वर्ग 1905 पासून याफोत भरत होते. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड शहराचे व्यापारी याकोब मोझर यांनी इमारतीसाठी मोठी देणगी दिली व शाळेस हर्झल यांचे नाव द्यावे अशी अट घातली. वास्तुकार योसेफ बार्स्की यांनी पौर्वात्य धाटणीच्या कमानी व कंगोरे घालून तिला भारदस्त रूप दिले. आजूबाजूला सारी एकमजली-दुमजली घरे. त्यामुळे ती शाळाच वस्तीची ओळख बनली.

पण शहर वाढले, शाळेला जागा अपुरी पडू लागली आणि मध्यवर्ती जमिनीचे मोल वाढले. शाळा दुसरीकडे गेली व 1962 साली जुनी इमारत पाडली गेली. त्या जागी यित्झाक पर्लस्टाईन, गिदोन झिव व मेईर लेवी या वास्तुकारांचा आराखडा आकारास आला. खाली दुकानांसाठी रुंद पाया आणि त्यावर कार्यालयांचा सडपातळ उभा भाग, असे सुमारे 120 मीटर उंचीचे, 34 मजल्यांचे काम 1965 मध्ये पूर्ण झाले. मुंबईचा राजाबाई टॉवर 85 मीटरचा आहे, यावरून वाचकांना उंचीची कल्पना यावी. त्या वेळी मध्यपूर्वेत याहून उंच इमारत नव्हती. खाली मोठे कोलबो दुकान, मुलांसाठी मेईरलँड ही करमणूक-नगरी, मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय व वर शहर पाहण्याचा सज्जा. लोक सहकुटुंब तेथे जात. पुढे हे सारे एकेक करून बंद झाले. 1999 मध्ये अझ्रिएलीचा गोल मनोरा झाला आणि उंचीचा मानही गेला.

शाळा पाडल्याची हळहळ मात्र वाढतच गेली. जुन्या वास्तू अशा हातच्या जाऊ नयेत, ही भावना देशात रुजली. 1984 साली ऐतिहासिक स्थळांच्या जतनासाठी मंडळ स्थापन झाले, तेव्हा गिमनासियाचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढे होते.

मनोऱ्याच्या प्रवेशदालनात नाहुम गुटमान यांचे जुन्या तेल अवीवचे भव्य मोझेक आहे. गुटमान स्वतः याच शाळेचे विद्यार्थी. ज्या जागेवर ते शिकले, तेथेच त्यांनी आपल्या बालपणीचे शहर रंगीत तुकड्यांनी पुन्हा उभे केले. मातृभूमी सोडून आलेल्या आपल्याला त्यामागची भावना वेगळी सांगावी लागणार नाही. तिकडे गेलात तर लिफ्टकडे वळण्यापूर्वी क्षणभर त्या भिंतीपुढे थांबा, आणि सोबत मुले असतील तर येथे पूर्वी काय होते ते त्यांना जरूर सांगा.